योहान गुटेनबर्ग : अक्षरांचा ऋणको

जगाचा इतिहास घडविणाऱ्या माणसांची नावे सांगा म्हटले, की आपल्या ओठांवर प्रथम येतात ती राजांची आणि सेनापतींची नावे. त्यांनी जिंकलेले किल्ले, केलेले तह आणि बांधलेले महाल यांच्या सनावळ्या आपण पाठ करतो आणि परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतो. पण ज्या पुस्तकातून आपण हे सारे पाठ करतो, ते पुस्तक आपल्या हाती कसे आले, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो. पुस्तक म्हणजे हवापाण्यासारखी सहज मिळणारी गोष्ट, असे आपण धरून चालतो. सहाशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती.

शाळेत असताना ‘रिकाम्या जागा भरा’ या सदरात एक वाक्य हमखास असे. मुद्रणकलेचा शोध अमुक यांनी लावला. त्या रिकाम्या जागेत आपण ‘गुटेनबर्ग’ हे नाव भरले, एक गुण मिळविला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. यंदा इतिहासाच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी या माणसाविषयी मिळेल ते वाचीत गेले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. ज्याने जगाला छापील अक्षर दिले, त्याने छापलेल्या एकाही पुस्तकावर त्याचे स्वतःचे नाव नाही. त्याने लिहिलेले पुस्तक नाही, आत्मचरित्र नाही, त्याच्या हयातीत काढलेले चित्रही नाही. आपण पुस्तकांत पाहतो तो लांब दाढीचा चेहरा मागाहून कल्पनेने रंगविलेला आहे. मग त्याचे चरित्र आपल्याला कळले कसे? ते कळले कर्जाच्या कागदांवरून आणि कोर्टकचेरीच्या दप्तरांवरून. त्याने कोणाकडून किती पैसे घेतले, व्याज कोठे थकले, कोणी त्याच्यावर फिर्याद केली, एवढ्याच नोंदी उरल्या आणि त्या जोडून पंडितांनी त्याचे आयुष्य उभे केले. हे वाचून मला जे वाटले ते पुढे सांगेनच. आधी त्याची कहाणी.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी माइन्त्स नावाचे शहर आहे. तेथे सुमारे १४०० साली योहानचा जन्म झाला. नेमके वर्ष कोणत्याही कागदात नोंदलेले नाही. घराण्याचे आडनाव गेन्सफ्लाइश. ‘गुटेनबर्ग’ हे त्यांच्या मालकीच्या एका वाड्याचे नाव, आणि पुढे तेच त्याला चिकटले. वडील शहरातील जुन्या प्रतिष्ठित घराण्यांपैकी, आई मात्र दुकानदाराची मुलगी. माइन्त्समधील अशा घराण्यांचा तेथल्या टांकसाळीशी संबंध असे. त्यामुळे धातू वितळविणे, मुशीत ओतणे, पोलादावर बारीक कोरीव काम करणे या गोष्टी त्याच्या लहानपणापासून आसपास असाव्यात. पुढे त्याने जे केले त्याचे बीज येथेच दिसते. नाणे पाडणारा कारागीर एका ठशावरून एकसारखी हजारो नाणी पाडतो. नाण्याला जे जमते ते अक्षराला का जमू नये?

त्या काळी युरोपात पुस्तके नव्हती असे नाही, पण ती हाताने लिहिली जात. मठांतील साधू आणि शहरांतील धंदेवाईक लेखनिक बोरूने एकेक ओळ उतरवीत बसत. बायबलची एक संपूर्ण प्रत तयार व्हायला वर्ष दीड वर्ष सहज लागे. शिवाय प्रत्येक नव्या प्रतीत नव्या चुका शिरत. अशा पुस्तकाची किंमत सामान्य माणसाला झेपणारी नव्हती. काही ठिकाणी तर मोलाचे ग्रंथ साखळदंडाने मेजाला जखडून ठेवीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुटी अक्षरे जुळवून छापण्याची कल्पना गुटेनबर्गच्या पुष्कळ आधी पूर्वेकडे निघाली होती. चीनमध्ये बी शेंग नावाच्या कारागिराने अकराव्या शतकात, १०४० नंतरच्या दशकात, भाजलेल्या मातीची सुटी अक्षरे केली. कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी छापलेला ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ आजही अस्तित्वात आहे. पण चिनी लिपीत हजारो चिन्हे. तेवढे खिळे पाडून, लावून आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून काम करायचे म्हणजे मोठेच ओझे. रोमन लिपीत मुळाक्षरे पंचवीसच्या आसपास. शिवाय युरोपात तोवर कागद होऊ लागला होता; न्यूरेंबर्गजवळ १३९० साली जर्मनीतील पहिली कागदाची गिरणी सुरू झाली होती. शहरे वाढत होती, विद्यापीठे निघत होती, आणि पुस्तकासाठी पैसे मोजणारा माणूस निर्माण झाला होता. शोध हा एकट्याच्या डोक्यातून निघत असला तरी तो रुजायला जमीन तयार असावी लागते, हे येथे स्पष्ट दिसते.

योहानच्या तरुणपणी माइन्त्समध्ये जुनी घराणी आणि कारागिरांचे संघ यांच्यात सत्तेवरून झगडे चालू होते. त्यांत त्याला शहर सोडावे लागले. १४३४ साली तो स्ट्रासबुर्ग येथे दिसतो, आणि दिसतो तोही पैशाच्याच भांडणात. माइन्त्स शहराकडे त्याचे पैसे येणे होते. शहराचा चिटणीस स्ट्रासबुर्गला आलेला पाहून त्याने त्यालाच ३१० गुल्डनच्या येण्यापोटी अटक करविली आणि मग सोडून दिले. माणूस स्वभावाने तापट आणि हिशेबाला पक्का असावा, असे यावरून वाटते.

स्ट्रासबुर्गमध्ये त्याने रत्नांना पैलू पाडण्याची विद्या शिकविली आणि एक नवाच धंदा काढला. आखेन या तीर्थक्षेत्री दर सात वर्षांनी मोठी यात्रा भरे. पवित्र अवशेषांचे तेज आरशात धरून घरी नेता येते, अशी यात्रेकरूंची श्रद्धा होती. म्हणून यात्रेत खपविण्यासाठी धातूचे छोटे आरसे तयार करायचे, असा बेत त्याने तीन भागीदारांसह केला. यात्रा १४३९ साली भरणार होती. पण साथीमुळे ती वर्षभर पुढे ढकलली गेली आणि सगळे भांडवल अडकून पडले. त्यातच आंद्रेआस ड्रित्सेन हा भागीदार १४३८ च्या अखेरीस वारला. त्याच्या भावांनी भागीदारीत आपल्याला घ्यावे म्हणून फिर्याद केली. १४३९ च्या डिसेंबरात निकाल गुटेनबर्गच्या बाजूने लागला. पण त्या खटल्यातील जबान्या आज आपल्याला निकालाहून मोलाच्या आहेत. त्यांत दाबयंत्राचा उल्लेख आहे, शिशाचा आहे, आणि कोणाला काही कळू नये म्हणून एक वस्तू सुटी करून ठेवायला सांगितल्याचाही आहे. एका सोनाराने तर छपाईच्या कामासाठी आपण सुमारे शंभर गुल्डन मिळविल्याचे सांगितले. आरशांच्या आड दुसरेच काही शिजत होते!

ते काय होते हे समजण्यासाठी खिळा म्हणजे काय ते पाहू. पुढे साडेचारशे वर्षे जी पद्धत रूढ झाली ती अशी. पोलादाच्या दांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकले की तेथे त्याचा खोलगट ठसा उमटतो. हा ठसा हाताच्या साच्यात बसवून त्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. क्षणात तो थिजतो आणि खिळा तयार होतो. सगळे खिळे उंचीला अगदी सारखे हवेत, नाहीतर काही अक्षरे उमटतील आणि काही उमटणार नाहीत. मग जुळाऱ्याने खिळे जुळवून ओळ करायची, ओळींचे पान करायचे, त्यावर शाई लावून कागद दाबायचा. छापून झाले की पान मोडायचे आणि त्याच खिळ्यांनी दुसरे पान जुळवायचे. लाकडी ठोकळ्यावर सबंध पान कोरण्याची पद्धत आधीपासून होती. पण तो ठोकळा त्या एका पानापुरताच. खिळे मात्र आज प्रार्थना, उद्या व्याकरण आणि परवा पंचांग असे काहीही छापू शकतात. शाईचाही प्रश्न होताच. लेखनिकाची पाण्यासारखी शाई धातूवरून ओघळून जाते, म्हणून तेलात काजळी खलून चिकट शाई करावी लागली. दाबयंत्राची कल्पना द्राक्षांचा रस काढणाऱ्या चरकासारख्या यंत्रांतून आली. एकेक वस्तू जुनीच होती. त्या सगळ्या एकत्र आणून चालू करणे, यात या माणसाची प्रतिभा आणि त्याची वीस वर्षे खर्ची पडली.

वर्षांबरोबर पैसेही खर्ची पडले. १४४२ साली त्याने स्ट्रासबुर्गच्या एका धर्मसंस्थेकडून कर्ज काढले. १४४८ साली तो माइन्त्सला परतलेला दिसतो. तेथे एका नातेवाइकाच्या मध्यस्थीने १५० गुल्डन उचलले. १४५० साली योहान फुस्ट नावाच्या सधन माणसाने त्याला ८०० गुल्डन दिले. व्याज शेकडा सहा, आणि तारण म्हणून त्या पैशातून होणारी छापखान्याची सगळी सामग्री. ते पैसे पुरले नाहीत. १४५२ च्या सुमारास फुस्टने आणखी ८०० गुल्डन घातले आणि तो धंद्यात भागीदार झाला.

या छापखान्यातून आधी काय बाहेर पडले? आपल्याला वाटेल, एकदम बायबल. तसे झाले नाही. पोट भरण्यासाठी लहान कामे घ्यावी लागली. शाळकरी मुलांचे लॅटिन व्याकरण छापले. तुर्कांविरुद्ध लोकांना चेतविणारे १४५५ सालचे एक कॅलेंडर छापले. आणि १४५४ पासून पापमुक्तिपत्रे छापली. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. सायप्रस बेटाच्या तुर्कांपासून रक्षणासाठी चर्चला पैसा हवा होता. जो दान देईल त्याला पापाच्या शिक्षेतून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र मिळे. मजकूर प्रत्येकाला एकच. फक्त नाव आणि तारीख वेगळी. म्हणून मजकूर छापायचा आणि नाव व तारखेची जागा कोरी सोडायची. पैसे देणारा आला की ती जागा हाताने भरायची. आपण आज प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी, दाखल्यासाठी जे छापील फॉर्म भरतो, त्यांचे हे पूर्वज! युरोपातील या नव्या कलेच्या अगदी आरंभीच्या छपाईतच ‘रिकामी जागा भरा’ अवतरलेली आहे.

याच सुमारास मोठे काम चालू होते. लॅटिन बायबल, दोन खंड, जवळजवळ १३०० पाने, पानावर दोन रकाने, बहुतेक पानांवर रकान्याला ४२ ओळी. एका पानात अडीच हजारांहून अधिक अक्षरे. हाताच्या लिखाणाची शोभा यावी म्हणून त्याने केवळ मुळाक्षरांवर न थांबता जोडअक्षरे, संक्षेपचिन्हे आणि निरनिराळ्या रुंदीचे खिळे मिळून सुमारे २९० प्रकार पाडले. एकंदर १८० च्या आसपास प्रती निघाल्या. बहुतेक कागदावर, काही वासराच्या कातड्यावर. कातड्याच्या एका प्रतीला सुमारे १७० कातडी लागली असतील, असा हिशेब पंडितांनी काढला आहे. पुढे पोप झालेल्या पिकोलोमिनी या धर्माधिकाऱ्याने १४५४ साली फ्रँकफुर्टमध्ये यातील काही भाग पाहिले. अक्षर इतके स्वच्छ आहे की चष्म्याशिवाय वाचता येईल, अशा आशयाचे पत्र त्याने १४५५ च्या मार्चमध्ये लिहिले आणि प्रती आधीच विकल्या गेल्याचेही कळविले. आज या बायबलच्या पूर्ण व अपुऱ्या मिळून ४९ प्रती जगात उरल्या आहेत.

काम पूर्ण झाले, गिऱ्हाइके मिळाली. आता बरे दिवस यायला हवे होते. नेमक्या त्या वेळी फुस्टने फिर्याद केली. मुद्दल आणि व्याज मिळून दोन हजारांहून अधिक गुल्डनची मागणी. १४५५ च्या ६ नोव्हेंबरला माइन्त्समधील फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात फुस्टने शपथ घेतली. हेल्मास्पेर्गर नावाच्या नोटरीने ती नोंदविली आणि तो कागद आजही गटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गुटेनबर्ग स्वतः त्या दिवशी हजर राहिला नाही. त्याने आपली माणसे पाठविली. पीटर शोफर नावाचा त्याचाच कसबी कारागीर फुस्टच्या बाजूने उभा राहिला. छापखान्याचा मोठा भाग आणि बहुधा बायबलच्या प्रतीही फुस्टकडे गेल्या, असे अभ्यासक मानतात. गुटेनबर्गविषयीच्या सगळ्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा मानला जाणारा कागद तो हाच, त्याच्या कर्जाच्या खटल्याचा.

येथे माझ्या मनात जे आले ते लिहिते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या आजोबांनी आयुष्यभर जमीन कसली, दोन विहिरी खणल्या, गावात कोणाचे घर उभे राहत असले की भिंत ओळंब्यात आहे की नाही हे सांगायला त्यांनाच बोलावीत. यांतले काहीच कोठे लिहिलेले नाही. त्यांचे नाव लिहिलेले सापडते ते सातबाऱ्यावर आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर, खाली डाव्या हाताच्या अंगठ्यासह. आजीचे नाव तर तेथेही नाही. ते फक्त शिधापत्रिकेवर. छापील कागद आमच्या घरी नव्हते असे नाही. पण त्या सगळ्या कागदांत छापील मजकूर दुसऱ्याचा होता आणि आमच्या वाट्याला आली होती ती रिकामी जागा. गरीब माणूस इतिहासात शिरतो तो बहुधा कर्जदार म्हणून, असे मी समजत होते. जगाला पुस्तक देणारा माणूससुद्धा त्याच दाराने इतिहासात आला हे वाचले, तेव्हा तो मला एकदम परका वाटेनासा झाला. गुटेनबर्ग काही आमच्यासारखा गरिबाचा नव्हता, हे मला कळते. पण कागद कोणाची कोणती बाजू जपून ठेवतो, हा प्रश्न त्याचा आणि आमचा एकच आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १४५७ साली फुस्ट आणि शोफर यांनी स्तोत्रांचे एक देखणे पुस्तक काढले. छापणाऱ्यांची नावे आणि तारीख छापलेले युरोपातील हे पहिले पुस्तक. नावे अर्थातच फुस्ट आणि शोफर यांची. शोफरने पुढे फुस्टच्या मुलीशी लग्न केले आणि तो नामवंत मुद्रक झाला. गुटेनबर्गला मात्र स्ट्रासबुर्गच्या कर्जाचे व्याजही १४५८ पासून देता आले नाही. १४६२ च्या ऑक्टोबरात दोन आर्चबिशपांच्या झगड्यात माइन्त्स शहर लुटले गेले. शेकडो नागरिक मारले गेले आणि शेकडो हद्दपार झाले. छापखान्यांतील कारागीर पांगले. शहराचे दुर्दैव असे जगाच्या उपयोगी पडले. कारण बंद दाराआड जपलेली विद्या त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. १४६५ साली दोघा जर्मनांनी ती इटलीत सुबियाकोच्या मठात नेली, १४६९ साली ती व्हेनिसला पोचली.

१४६५ साली विजयी आर्चबिशप आडोल्फ याने म्हाताऱ्या गुटेनबर्गला आपल्या दरबारी माणसांत घेतले. दरसाल एक पोशाख, सुमारे २१८० लिटर धान्य आणि सुमारे २००० लिटर द्राक्षाची दारू त्याला बांधून दिली आणि करही माफ केला. निदान शेवटची तीन वर्षे पोटाची चिंता नव्हती. १४६८ च्या ३ फेब्रुवारीस तो वारला. त्याच महिन्यात डॉक्टर हुमेरी नावाच्या माणसाने, गुटेनबर्गजवळ असलेले छपाईचे खिळे व सामान आपले असून ते आपल्याला मिळाले, असे लिहून दिले. म्हणजे मरतानाही हाताशी होते ते खिळे दुसऱ्याच्याच मालकीचे! ज्या चर्चमध्ये त्याला पुरले ते पुढे पाडले गेले आणि त्याची समाधीही उरली नाही.

पण पेरलेले उगवले. १५०० साल उजाडेपर्यंत युरोपातील सुमारे अडीचशे गावांत छापखाने चालू झाले होते. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले. ते छापले गेले आणि थोड्याच आठवड्यांत जर्मनीभर पसरले. १५२२ साली त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले आणि लॅटिन न येणाऱ्याच्या हाती धर्मग्रंथ आला. नियतीचा खेळ पाहा. चर्चने ज्या यंत्रावर पापमुक्तीचे फॉर्म छापून घेतले, त्याच यंत्राने त्या फॉर्मांविरुद्ध लोकांना जागे केले. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ न्यूरेंबर्गला छापला गेला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत गावोगावच्या विद्वानांसमोर एकाच रूपात गेले.

मात्र छापखान्याने सगळे चांगलेच केले असे म्हणणे खोटे होईल. चेटकिणी कशा ओळखाव्या आणि त्यांना शिक्षा कशी करावी हे शिकविणारे एक भयंकर पुस्तक १४८७ च्या सुमारास निघाले आणि पुन्हा पुन्हा छापले गेले. त्या समजुतीपायी पुढे हजारो निरपराध माणसे, बहुतेक बायका, जाळल्या गेल्या. दुसरीकडे, छापलेल्या शब्दाची भीती सत्तेलाही लगेच वाटू लागली. आपल्या मुलखात पुस्तके तपासल्याखेरीज काढू नयेत, असा हुकूम १४८६ साली माइन्त्सच्याच आर्चबिशपने काढला. लॅटिन व ग्रीक ग्रंथ लोकभाषेत आणण्यावर त्याचा विशेष रोख होता. जेथे छापखाना जन्मला तेथेच, गुटेनबर्गला जाऊन वीस वर्षे होतात न होतात तोच, त्याला कुलूप लावण्याचा प्रयत्न झाला.

आपल्याकडे तर छापखाना येऊनही फार काळ उपयोगी पडला नाही, हे मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. १५५६ साली अॅबिसिनियासाठी निघालेला एक छापखाना वाटेत गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. भारतातील हा पहिला छापखाना. म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलनंतर अवघ्या शंभर वर्षांत यंत्र आपल्या किनाऱ्याला लागले होते. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले; भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. देवनागरीचे खिळे नव्हते. कानामात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे आपल्या लिपीला रोमनच्या कितीतरी पट खिळे लागतात, ही अडचण खरीच. पण तेवढे एकच कारण नसावे. सामान्य मराठी माणसाने वाचावे अशी गरज कोणत्याच सत्तेला वाटत नव्हती. १८०५ साली बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघाले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणापासून राबलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे सुबक देवनागरी खिळे पाडून ‘निर्णयसागर’ नावारूपाला आणला. यंत्र आले १५५६ साली आणि ते आपल्या माणसांच्या हाती, आपल्या अक्षरांसह, आले ते एकोणिसाव्या शतकात. मधली अडीचशे वर्षांहून अधिक वाट यंत्राने पाहिली नाही, माणसांनी पाहिली.

गुटेनबर्गच्या चरित्रातून मी घेते तो धडा हाच. यंत्र आपोआप कोणाला शहाणे करीत नाही आणि कोणाला गुलामही करीत नाही. एकाच खिळ्यांच्या पेटीतून व्याकरणही निघते आणि नाव भरण्यासाठी कोरी जागा सोडलेला फॉर्मही निघतो. एकात माणूस वाचणारा होतो, दुसऱ्यात तो नुसता नोंदला जातो. आपल्या वाट्याला यांपैकी काय यावे हे यंत्र ठरवीत नाही; शाळा, ग्रंथालये आणि आपण ठरवितो. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असे यंत्र आहे की ज्यापुढे माइन्त्सचा तो छापखाना खेळणे वाटावा. त्यावरही आपण दिवसातून कितीदा तरी नाव, गाव आणि जन्मतारीख भरीत असतो. मित्रांनो, भरण्याबरोबर वाचणे आणि लिहिणेही त्यावर होते की नाही, एवढा हिशेब प्रत्येकाने आपापला ठेवावा.

गुटेनबर्ग जगाचा ऋणको म्हणून मेला. खरे पाहता सारे जग त्याचे ऋणको आहे. हे ऋण पैशाने फिटणारे नाही. ज्या घरात आजवर फक्त अंगठे उमटले, त्या घरात एक पुस्तक उघडले गेले, की त्याचा एक हप्ता फिटतो, असे मला वाटते.